यू-८६४: चौदा महिन्यांची पाणबुडी आणि तळाशी राहिलेला पारा

यू-८६४ ही पाणबुडी ९ डिसेंबर १९४३ ला जर्मन नौदलात दाखल झाली आणि ९ फेब्रुवारी १९४५ ला नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ बुडाली. म्हणजे नोकरी बरोब्बर चौदा महिन्यांची, आणि त्यातलं पहिलं जवळपास वर्षभर तर नुसतं ट्रेनिंग. या काळात तिनं शत्रूचं एकही जहाज बुडवलं नाही. तरीपण पाणबुड्यांचा अभ्यास करणारी माणसं यू-८६४ हा नंबर विसरत नाहीत, कारण दोन्ही पाणबुड्या पाण्याखाली असताना एकीनं दुसरीला बुडवलं अशी युद्धातली नोंद असलेली ही एकमेव घटना आहे. आणि दुसरं कारण म्हणजे तिच्या पोटात असलेला ६७ टन पारा, ज्याचं काय करायचं हा प्रश्न नॉर्वेला आजही सोडत नाहीये.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त काय लागलं सांगू का, पाणबुडीचं सगळं बळ लपण्यात असतं, आणि या पाणबुडीनं लपून राहण्यासाठी जे जे केलं नेमकं त्यानंच तिचा पत्ता सांगितला. कसं ते नीट समजून घ्यायचं तर थोडं तांत्रिक शिरावं लागेल, पण सोपं आहे, घाबरू नका.

आपल्याकडे जर्मन पाणबुडी म्हटलं की आधी नेताजी आठवतात. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० निघाली, तिच्यात सुभाषबाबू आणि त्यांचे सहकारी आबिद हसन होते, आणि एप्रिलच्या शेवटी मादागास्करच्या बाजूला भर समुद्रात रबरी तराफ्यातून ते जपानच्या आय-२९ पाणबुडीत गेले. ती यू-१८० होती टाइप नऊ-डी-१ आणि यू-८६४ होती टाइप नऊ-डी-२, म्हणजे एकाच घराण्यातल्या. हे घराणं खास लांबच्या पल्ल्यासाठी बनवलेलं. ८७ मीटरच्या वर लांबी, आणि यू-८६४ पाण्यावरून बारा नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण बावीस किलोमीटरच्या वेगानं चालवली तर एकदा भरलेल्या तेलात २३,७०० समुद्री मैल, किलोमीटरमध्ये साधारण ४४ हजार, म्हणजे पृथ्वीला एक पूर्ण चक्कर मारून वर थोडं तेल उरेल इतकं.

हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल की बापरे, ही तर कुठंही जाऊ शकते. पण खरी गोम पुढं आहे.

त्या काळातली पाणबुडी ही खरं तर सतत पाण्याखाली राहणारी बोट नव्हतीच. ती होती पाण्यावर चालणारी बोट, जी गरज पडली की थोडा वेळ डुबकी मारते. वर असताना डिझेल इंजिन चालतं, डिझेलला हवा लागते. खाली हवा कुठून आणणार, म्हणून खाली बॅटरीवरच्या इलेक्ट्रिक मोटरी. आणि बॅटरीवर हीच ८७ मीटरची पाणबुडी ताशी सातेक किलोमीटरनं, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, जेमतेम शंभरेक किलोमीटर जायची. मुंबईहून निघाली तर खंडाळ्याचा घाट चढून थोडं पुढं, बास, बॅटरी संपली. मग वर या, डिझेल चालू करा, तासन् तास चार्जिंग करा.

१९४० मध्ये हे चालून गेलं कारण रात्रीच्या अंधारात वर आलं तर बघायला कुणी नव्हतं. १९४३ पर्यंत चित्र पूर्ण पालटलं. विमानांवर रडार बसले, अंधाराचा आडोसा गेला, लांब पल्ल्याची विमानं अटलांटिकच्या मधोमध पोचायला लागली, आणि जर्मनांचे बिनतारी संदेश इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कला फोडून वाचले जायला लागले. एकट्या मे १९४३ मध्ये चाळीसच्या वर यू-बोटी, म्हणजे जर्मन पाणबुड्या, गेल्या. संपूर्ण युद्धात अंदाजे ४० हजार माणसं यू-बोटींवर होती, त्यातली ३० हजारांच्या आसपास परत आलीच नाहीत, चारातले तीन. कुठल्याही सैन्याच्या कुठल्याही शाखेसाठी हा आकडा भयंकर आहे, आणि त्यातली बरीचशी पोरं विशी-बाविशीची.

यावर जर्मनांनी उपाय काढला तो श्नॉर्केल. एक लांब उभी नळी, पाणबुडी पाण्याखाली थोड्याच खोलीवर ठेवायची आणि नळीचं तोंड तेवढं वर, त्यातून हवा आत ओढायची म्हणजे डिझेल खालीच चालतं आणि बॅटरीपण चार्ज होते. आजही डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्यांना हे लागतंच, माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांनापण. तर कल्पना एकदम चांगली, फक्त दोन त्रास. एक, लाट आली की पाणी आत येऊ नये म्हणून नळीचं झाकण बंद होतं, आणि इंजिन तर चालूच असतं, मग ते हवा ओढतं पाणबुडीच्या आतली, माणसांच्या कानाचे पडदे दुखायला लागतात. दुसरा त्रास जास्त वाईट. डिझेल इंजिनाचा आवाज पाण्यात लांबवर जातो, आणि ते धडधडत असताना तुम्हाला स्वतःला बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. म्हणजे डोळ्यांपासून लपलात पण कानांना सापडलात, आणि तुम्ही स्वतः तेवढा वेळ बहिरे.

हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

यू-८६४ ब्रेमेनला बांधली. तिचा कमांडर राल्फ-राइमार वोल्फ्राम, याआधी यू-१०८ चालवलेला. १९४४ चं जवळपास पूर्ण वर्ष बाल्टिक समुद्रात माणसं तयार करण्यात गेलं. आणि ती तयार होईपर्यंत युद्धाचा निकाल जवळपास लागलेला होता, फ्रान्समधले तळ हातचे गेलेले, पूर्वेकडून रशियन फौजा येतायत. अशा वेळी या लांब पल्ल्याच्या बोटीला काम मिळालं मालवाहतुकीचं, ऑपरेशन सीझर. जपानला सामान पोचवायचं. साध्या मालवाहू जहाजांना हा प्रवास करणं केव्हाच अशक्य झालं होतं, म्हणून पाणबुडीचा टेम्पो केला.

सामान काय होतं? मेसरश्मिट २६२ या जेट विमानाचे भाग आणि ड्रॉइंग, मेसरश्मिट कंपनीचे दोन इंजिनियर, मायदेशी परतणारे दोन जपानी तज्ज्ञ, आणि पोलादाच्या १,८५७ बाटल्यांमध्ये भरलेला ६७ टन पारा. पारा कशाला, तर पाऱ्यापासून स्फोटक पेटवणारा डिटोनेटर बनतो आणि जपानला तो हवा होता. आता ६७ टन म्हटलं की डोळ्यासमोर मोठा ढीग येतो, पण पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणजे हा सगळा पारा मावेल फक्त पाचेक हजार लिटरमध्ये, गच्चीवरच्या हजार लिटरच्या पाच टाक्या धरा. एकेका बाटलीत तीन लिटरसुद्धा नाही पण वजन छत्तीस किलोच्या आसपास. पाणबुडीला तसंही बुडाशी वजन लागतंच, नाहीतर ती पाण्यात सरळ उभी राहत नाही, तर त्या वजनाच्या जागी या बाटल्या रचल्या. हुशारीचं काम होतं ते.

५ डिसेंबर १९४४ ला ती कीलहून निघाली आणि तिथूनच ग्रहण लागलं. नॉर्वेत श्नॉर्केलच्या चाचण्या, मग पुढं जाताना बोट तळाला घासली, मग दुरुस्तीसाठी बर्गेन बंदर. बर्गेनला जर्मनांनी पाणबुड्यांसाठी जाड काँक्रीटचा बंकर बांधलेला, नाव ब्रुनो. ती तिथं असताना १२ जानेवारी १९४५ ला ब्रिटिश लँकॅस्टर विमानं आली आणि त्यांनी टॉलबॉय बॉम्ब टाकले, एकेक बॉम्ब पाच टनांच्या वरचा, बंकरचं छपरापर्यंत नुकसान झालं, दुरुस्ती अजून लांबली. म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला जपानला म्हणून निघालेली बोट फेब्रुवारी उजाडला तरी नॉर्वेतच.

शेवटी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ती खरंच निघाली. फेडयं नावाचं छोटंसं बेट आहे बर्गेनच्या वायव्येला, त्या भागातून ती कुणाच्या नजरेत न येता पार झाली. आणि मग एक इंजिन अडखळायला लागलं, नीट पेटेना, आवाज वाढला. पुढं निम्म्या जगाचा प्रवास बाकी आणि आवाज करणारं इंजिन. वोल्फ्रामनं परत फिरायचं ठरवलं, आणि माझ्या मते दुसरा कुठलाही समजदार कमांडर हेच करता. बर्गेनहून संदेश आला की १० फेब्रुवारीला हेलिसॉय बेटापाशी तुम्हाला न्यायला सोबतीच्या बोटी येतील. असे संदेश ब्रिटिश वाचत होतेच. त्यांनी फेडयंच्या पाण्यात एक पाणबुडी धाडलेली होती, वेंचरर. म्हणजे इंजिन बिघडलं नसतं तर यू-८६४ निसटलीच होती, परत फिरली म्हणून ती सापळ्याच्या तोंडाशी आली.

वेंचरर लहान होती, ६२ मीटरची, पुढच्या बाजूला चार टॉर्पेडो नळ्या आणि बोटीवर एकूण टॉर्पेडो आठ. कॅप्टन लेफ्टनंट जिमी लाँडर्स, वय २५. त्याच्याकडे सोनार होता, म्हणजे पाण्यात आवाजाची टिंग सोडायची आणि ती आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. पण टिंग सोडली की समोरच्यालाही कळतं इथं कुणीतरी आहे. म्हणून त्यानं ते बंद ठेवून फक्त हायड्रोफोन वापरला, म्हणजे पाण्यातला माइक, नुसतं ऐकायचं.

९ फेब्रुवारीच्या सकाळी ऐकणाऱ्याला बारीक आवाज आला. आधी वाटलं एखादी मच्छीमार बोट असेल डिझेलवरची. आवाजाच्या दिशेनं हळूहळू गेले, पेरिस्कोपमधून पाहिलं तर आवाज आहे पण बोट नाही, समुद्र रिकामा. थोड्या वेळानं पाण्याच्या वर एक बारीक दांडा दिसला. मग खात्री पटली, खाली पाणबुडी आहे.

आता इथं खरा अवघड भाग येतो, आणि हाच मला समजावून सांगायचा होता.

जहाजावर टॉर्पेडो मारायचा तर काय काय माहीत लागतं? दिशा, अंतर, त्याचा वेग, आणि ते कुठल्या बाजूला चाललंय. कारण टॉर्पेडो पोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात जहाज पुढं सरकतं, म्हणून जहाज आता जिथं आहे तिथं मारून उपयोग नाही, ते जिथं असणार आहे तिथं मारायचा. तेव्हाचे ब्रिटिश टॉर्पेडो स्वतःहून कुणाचा पाठलाग करायचे नाहीत, सोडताना जी दिशा आणि जी खोली सेट केली त्यावर सरळ जायचे. जहाज पाण्यावर असतं तेव्हा खोलीचा प्रश्न येत नाही, तळ किती खाली असतो ते माहीत असतं. पाणबुडीच्या बाबतीत खोली हा पाचवा प्रश्न वाढतो. आणि हायड्रोफोन यातलं फक्त एकच सांगतो, दिशा. तीपण अंदाजे.

रात्री गावातल्या घरात पडलोय आणि लांब हायवेवरून ट्रक चाललाय असं समजा. आवाज कुठून येतोय ते कळतं पण तो किती लांब आहे ते नाही. आवाजाची दिशा हळूहळू सरकतेय, आता हा लांबून वेगानं जाणारा ट्रक असेल किंवा जवळून रमतगमत जाणारा ट्रॅक्टर, दोन्हीला दिशा तशीच सरकेल. मग उठून आपण स्वतः शंभर पावलं बाजूला गेलो आणि परत ऐकलं तर दिशा किती बदलली यावरून अंदाज बांधता येतो, जवळच्या वस्तूची दिशा जास्त बदलते आणि लांबच्याची कमी. लाँडर्सनं तेच केलं. समांतर चालत राहिला, दर थोड्या वेळानं दिशेची नोंद, आपली जागा, कागदावर रेघ, परत नोंद, परत रेघ. मधूनच समोरच्याचा दांडा वर दिसायचा, त्यावरून अंतराचा थोडा अंदाज. आणि खोलीचा अंदाजही त्या दांड्यानंच दिला, कारण दांड्याची लांबी ठरलेली, तो वर दिसतोय म्हणजे पाणबुडीचं अंग त्याच्या खाली अमुक एवढ्यावरच असणार.

यू-८६४ सरळ चालत नव्हती, वाकडीतिकडी वळणं घेत होती. पाणबुडीपासून बचावाचा हाच रूढ उपाय, नागमोडी चाला म्हणजे नेम धरता येत नाही. पण वळणांना एक ठेका होता. इतका वेळ या बाजूला, मग इतका वेळ त्या बाजूला. तीनेक तास मागावर राहिल्यावर लाँडर्सला तो ठेका पाठ झाला, आणि पुढचं वळण कधी येणार हे आधीच सांगता यायला लागलं. म्हणजे बचावासाठी घेतलेली वळणंसुद्धा शेवटी तिचा ठावठिकाणाच देत होती.

तिनं वेंचररला ऐकलं का नाही असं कुणी विचारेल. वेंचरर बॅटरीवर, अगदी हळू. आणि यू-८६४ चं स्वतःचं इंजिन इतकं वाजत होतं की तिला बाहेरचं काय ऐकू येणार. तिच्या आत ७३ माणसं होती आणि त्यांना तीन तास पत्ता नव्हता की कुणीतरी शेजारून चाललंय. हा भाग वाचताना मला दर वेळी कसंतरी होतं. शत्रू होते ते, नाझी राजवटीसाठी लढत होते, हे मान्य, तरी त्यांचा बर्गेनचा तळ अगदी जवळ आला होता.

लाँडर्स वाट बघत होता की ही कधीतरी वर येईल म्हणजे नेहमीसारखा नेम धरता येईल. ती येईना. त्याची बॅटरी उतरत चाललेली, आणि अजून उशीर केला तर सोबतीला येणाऱ्या जर्मन बोटींच्या तोंडात जायची पाळी. तेव्हा त्यानं ठरवलं, आतापर्यंत कुणी केलं नाही तसं करायचं, पाण्याखालूनच पाण्याखाली मारायचं.

१२ वाजून १२ मिनिटांनी पहिला टॉर्पेडो सुटला. मग साडेसतरा सेकंदांच्या अंतरानं दुसरा, तिसरा, चौथा. चारही वेगवेगळ्या खोलीवर लावलेले. याच्यात त्याची खरी बुद्धी दिसते. त्यानं विचार केला की पहिल्या टॉर्पेडोचा आवाज ऐकला की समोरचा गप्प बसणार नाही, तो डुबकी मारेल आणि वळेल. मग सगळे टॉर्पेडो एकाच जागी मारण्यापेक्षा तो पळून जिथं जिथं जाऊ शकतो तिथं मारू. सोडले आणि वेंचरर स्वतः लगेच खोल गेली.

यू-८६४ नं ऐकलं, श्नॉर्केल खाली घेतला, खोल जायला लागली, वळली. पण ८७ मीटरची, पाऱ्यानं जड झालेली बोट काही रिक्षासारखी जागच्या जागी वळत नाही. पहिला चुकला. दुसरा चुकला. तिसरा चुकला. आणि त्या तिघांना चुकवताना घेतलेल्या वळणानंच तिला चौथ्याच्या वाटेवर नेलं. बोटीचे दोन तुकडे झाले, मधला भाग उद्ध्वस्त, आणि दीडशे मीटर खाली जाऊन पडली. ७३ पैकी एकही वाचला नाही. जर्मनीनं शरणागती पत्करली ती याच्यानंतर तीन महिन्यांतच, ८ मे ला.

असाच माल घेऊन नंतर यू-२३४ पण जपानला निघाली होती, तिच्यात जेटचे भाग होते आणि ५६० किलो युरेनियम ऑक्साइड. ती वाटेत असताना युद्ध संपलं आणि तिनं अमेरिकेपुढं शरणागती पत्करली, त्याआधी तिच्यातल्या दोन जपानी अधिकाऱ्यांनी आत्महत्या केली. त्यातला एक होता हिदेओ तोमोनागा, म्हणजे नेताजी यू-१८० मधून आय-२९ मध्ये गेले त्या अदलाबदलीत आय-२९ मधून यू-१८० मध्ये येऊन जर्मनीला गेलेला माणूस. नेताजींची गोष्ट आपण इतक्या वेळा सांगतो पण त्या दिवशी उलट्या दिशेनं गेलेल्या माणसाचं काय झालं हे क्वचितच कुणी सांगतं, म्हणून इथं लिहून ठेवलं.

लाँडर्सला पदक मिळालं. वेंचरर १९४६ मध्ये चक्क नॉर्वेच्या नौदलालाच विकली, तिथं तिचं नाव झालं उत्स्टाइन, आणि साठच्या दशकात ती भंगारात गेली. आणि यू-८६४ तशीच खाली. मच्छीमारांकडून मिळालेल्या माहितीवर २००३ मध्ये नॉर्वेच्या नौदलानं तिला शोधून काढलं, फेडयंच्या पश्चिमेला दोन-एक समुद्री मैलांवर. तेव्हा पाऱ्याचा प्रश्न वर आला.

थर्मामीटर फुटल्यावर फरशीवर पळतो तो पारा, तो तळाच्या गाळात पडून राहतो, पाण्यात फारसा विरघळत नाही. अडचण पुढची आहे. गाळातले जिवाणू त्याचं रूपांतर मिथाइल मर्क्युरीत करू शकतात, आणि ते विष सजीवांच्या अंगात साठतं. छोट्या जिवात थोडं, त्याला खाणाऱ्या माशात जास्त, मोठ्या माशात अजून जास्त, असं वर चढत शेवटी ताटात. जपानच्या मिनामाता गावात १९५० च्या दशकात कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या अशाच पाऱ्यानं हजारो माणसं आजारी पडली, आईच्या पोटातल्या बाळांनासुद्धा बाधा झाली. फेडयंला तसं काही झालेलं नाही हे स्पष्ट सांगायला हवं. पण पोलादी बाटल्या गंजत चालल्यात, काही फुटून गाळात पारा मिसळलाय, आणि म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी त्या जागेच्या आसपासची मासळी खाऊ नये असा सल्ला तिथल्या यंत्रणांनी दिलाय.

मग वर का काढत नाहीत? २००९ मध्ये सरकारनं काढायचं ठरवलंही होतं. पण दीडशे मीटर खोल, दोन तुकडे, उतारावर पडलेली, आत न फुटलेले टॉर्पेडो असू शकतात, आणि उचलताना जर बाटल्या फुटल्या तर आज जो पारा एका जागी आहे तो चहूकडे पसरेल. शिवाय ती ७३ जणांची कबर आहे. मग २०१६ मध्ये ती घसरू नये म्हणून तळाला भराव टाकला, २०१८ मध्ये ठरलं की वर नको काढायला, वाळू-दगडाच्या थरानं झाकून टाकू. बेटावरच्या लोकांना ते पटलं नाही. पाचेकशे वस्तीचं बेट, मासेमारीवर जगलेलं, त्यांचं म्हणणं एकच की घाण उचला, आमच्या नातवंडांसाठी पुरून ठेवू नका. मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि उचलताना फुटली तर काय ही इंजिनियरांची भीतीही खोटी वाटत नाही. झाकायच्या निर्णयावरही नंतर फेरविचार सुरू झाला, तज्ज्ञांची समिती बसली, झाकण्याआधी निदान बुडातल्या बाटल्या तरी काढता येतील का यावर तपासणी झाली.

दरम्यान, २००४ पासून दर वर्षी माणसं त्या जागेवर जातात, ब्रोस्मे नावाचा तळाशी राहणारा मासा आणि खेकडे पकडतात, प्रयोगशाळेत नेतात आणि त्यात पारा किती वाढला ते मोजतात.